मृत्युपत्र

आपल्या पश्चात आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी लागावी, हे ठरवून देणारा लेख म्हणजे मृत्युपत्र. ‘मृत्यू’ हा शब्द घरात तोंडावर येत नाही, म्हणून बरेच जण त्याला इच्छापत्र म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. करणारा हयात असेपर्यंत त्याला कसलाही अंमल नसतो आणि ते कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. तिथे मालकी हयातीतच हातची जाते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्याने हा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. पुढे मुलांनी विचारले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येते. पण त्यासाठी सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून ठेवलेली बरी.

मुस्लिमेतर समाजांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्याने सही किंवा अंगठा करावा आणि तो पाहणाऱ्या दोघा साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात, एवढीच मूळ गरज. साध्या कागदावर लिहिले तरी चालते. स्टँप पेपर लागत नाही. साक्षीदारांना मजकूर ठाऊक असण्याचीही आवश्यकता नसते. मात्र ते आपल्याहून तरुण आणि वाटणीत ज्यांचा काही संबंध नाही असे असावेत, कारण वाद झाल्यास कोर्टात त्यांनाच उभे राहावे लागते. वय झालेल्या व्यक्तीच्या मृत्युपत्राला डॉक्टरांचा दाखला जोडण्याचा प्रघात त्याच धास्तीतून आला आहे. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवलेले मृत्युपत्र अभेद्य असते हा समज चुकीचा: नंतरचे, नोंदणी न केलेले पण रीतसर केलेले मृत्युपत्र त्याला रद्द ठरवू शकते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेचीच अशी व्यवस्था करता येते.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायदा करतो, आणि ती पुष्कळदा घरच्यांच्या कल्पनेत नसते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत पुरुषाची आई ही पत्नी व मुलांच्या बरोबरीची वारस आहे. वडील मात्र आधी वाटा मिळणाऱ्या पहिल्या वर्गातील वारसांत नाहीत. निपुत्रिक विधवेने स्वतः कमावलेले घर तिच्या आईवडिलांआधी सासरच्या वारसांकडे जाते. माहेरच्यांनी शेवटपर्यंत सांभाळलेल्या बाईबाबतीतही हेच घडते, म्हणून मृत्युपत्राची खरी निकड अशा स्त्रियांना असते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत करणाऱ्याला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते लिहिता येते. त्या मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये केली. ‘मुलींना लग्नात दिले आहे’ हे वाक्य जुन्या मृत्युपत्रांत हमखास सापडते. त्याने मुलीचा स्वतःचा हिस्सा काही बुडत नाही.

करण्यापेक्षा राखण्याकडेच जास्त दुर्लक्ष होते. मृत्युपत्रात जुन्या इमारतीतील खोलीचा क्रमांक असतो आणि मधल्या काळात पुनर्विकास होऊन नवा फ्लॅट मिळालेला असतो. शेतीचे पोटहिस्से पडून गट क्रमांक बदललेला असतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला ज्याला व्यवस्थापक नेमले तोच आधी गेलेला असतो. विकून टाकलेली वस्तू ज्याच्या नावे लिहिली होती, त्याला बहुधा काहीच मिळत नाही. ‘याखेरीज जे काही असेल ते’ कोणाला जावे, हे कलम म्हणूनच घालतात. दुरुस्ती पेनाने खाडाखोड करून चालत नाही: बदलालाही सही आणि दोन साक्षीदार लागतात. छोट्या फरकासाठी पुरवणी मृत्युपत्र करतात. फरक बरेच झाले की नवे करून जुने रद्द केल्याचे त्यात लिहिणे सुटसुटीत.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतील ठेव असो वा शेअर, नॉमिनीने रक्कम स्वीकारायची आणि ती वारसांपर्यंत जायची, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते. त्यामुळे लग्नापूर्वी लावलेले नाव तसेच राहिले, तर मृत्युपत्र एक सांगते आणि पॉलिसी दुसरेच.

गोव्यात चौकट निराळी. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. मुले असल्यास साधारणतः निम्म्याच मालमत्तेबाबत मोकळेपणाने लिहिता येते आणि उरलेली सक्तीच्या, म्हणजे वगळता न येणाऱ्या, वारसांसाठी राखीव असते. कोकणात घर आणि गोव्यात बाग असलेल्या कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे लागते.

मुंबई शहरातील मालमत्तेसाठी उच्च न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, दीर्घकाळ सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती सक्ती काढली. गावी मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला आणि अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो. नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतील नावाचा बदल, मंजूर होऊन सातबाऱ्यावर नवे नाव चढते. हरकत आल्यास महसुली अधिकारी सुनावणी घेतात, पण फेरफाराने मालकी ठरत नाही. तो वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.