शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतरासाठी निरीक्षण केंद्र काढायचंय? कुठली परवानगी कधी लागते ते बघा

बरेच जण विचारतात की गरुड, भोवत्या, करकोचे असे घिरट्या घालत जाणारे पक्षी आमच्या डोंगरावरून जातात, तिथे केंद्र काढायचं तर अर्ज कुठे करायचा. तर असा एकच फॉर्म नाहीये. जागा कुणाची आणि तुम्ही पक्ष्याला हात लावणार की नाही, यावर सगळं ठरतं.

नुसतं मोजायचं असेल आणि जागा खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या, ग्रामपंचायतीला एक पत्र द्या, झालं. माझं मत विचाराल तर पहिला सीझन एवढंच करा. हे पक्षी पंख फार न मारता तापलेल्या हवेच्या झोतावर चढतात, म्हणून ऊन चढल्यावरच दिसायला लागतात आणि कडे, खिंडी असतात तिथे एकवटतात, त्यामुळे जागा बरोबर आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळतच नाही. तासातासाची शीट ठेवा, जात, संख्या, दिशा, वारा, ढग सगळं त्यात. ओळख पटली नाही तर 'गरुड, जात अनिश्चित' असंच लिहा, उगाच स्टेप ईगल ठोकून देऊ नका! पुढच्या प्रत्येक अर्जाला हीच शीट जोडायचीय.

मग संस्था. महाराष्ट्रात किमान सात सभासद घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट, दोन्हीची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. ज्ञापन, नियमावली, सभासदांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागेची एनओसी लागते. उद्देशात 'संशोधन व संवर्धन' हे शब्द आधीच घाला, नंतर बदल अर्ज करणं म्हणजे डोक्याला ताप.

जागा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी प्रवेश परवाना लागतो, तो मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आपल्याकडे त्यांचं ऑफिस नागपूरला. प्रकल्पाचा आराखडा, टीमचे बायोडेटा, संस्थेचं पत्र, नकाशा, कालावधी आणि अहवाल देण्याची हमी असं सगळं एकत्र द्या, एक प्रत स्थानिक उपवनसंरक्षकांना. सीझनच्या तोंडावर अर्ज टाकू नका, फाइल फिरायला वेळ लागतो.

आता खरी मेख. रिंग (पायात नंबरचं कडं) घालायला किंवा टॅग (माग काढणारं यंत्र) लावायला पक्षी पकडणं ही कायद्याच्या व्याख्येत 'शिकार'च आहे, मग सोडून दिला तरी. त्यासाठी कलम १२ चा परवाना हवा, आणि अनुसूची १ मधली, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतली जात असेल (बरेचसे शिकारी पक्षी त्यातच येतात) तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही. जाळ्याचा प्रकार, पक्षी किती वेळ हातात ठेवणार, हाताळणाऱ्याचा अनुभव हे सगळं लिहून द्यावं लागतं, नवख्यांनी इथे अनुभवी संस्थेसोबतच जावं. सॅटेलाइट टॅग असेल तर दूरसंचार खात्याचंही बघावं लागतं. नागालँडमध्ये २०१२ ला अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल उघड झाली, २०१३ ला तिथेच टॅग लावले गेले, ते सरकार आणि शास्त्रज्ञ सोबत होते म्हणून.

पक्कं बांधकाम शक्यतो टाळा. वनजमिनीवर करायचं म्हणजे परिवेश या पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलवरून केंद्र सरकारची मंजुरी, खासगी शेतजमिनीवर सातबारा आणि बिनशेतीचा प्रश्न. मोजायला सावलीचं छप्पर आणि दुर्बीण पुरते.

परदेशी निधी घ्यायचा असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी, आणि त्याला संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी. ड्रोनला ड्रोन नियम २०२१ लागू, पण थव्याजवळ उडवूच नका. पवनचक्कीला किंवा वीजतारेला धडकून पडलेला पक्षी सापडला तर जागेचा फोटो, खांबाचा नंबर घेऊन वन विभागाला लगेच कळवा, तो घरी ठेवता येत नाही, पंख आठवण म्हणूनसुद्धा नाही.