फॉक्सप्रोचं ॲप फ्रेमवर्कमुळे स्लो होत नाही
फॉक्सप्रो म्हणजे डेटाबेसची ॲप्स बनवायचं जुनं साधन. पुण्यातले जुने फॉक्सप्रोवाले अजून सांगतात की फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा आयता सांगाडा, घेतलं की ॲप रखडणारच, क्लासवर क्लास (कोडचे साचे) चढवलेले असतात म्हणून. असं नाहीये हो. क्लासचा वेळ लागतो तो फॉर्म उघडताना, तोही थोडासा, खरा वेळ जातो डेटा ओढण्यात, कारण डीबीएफ फाइल, म्हणजे फॉक्सप्रोचं डेटाचं टेबल, सर्व्हरवर नुसती पडलेली असते आणि शोधायचं काम आपलाच पीसी करतो. मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर बघितलं, इंडेक्स (शोधायची सूची) अपर(नाव) वर, म्हणजे नाव कॅपिटल अक्षरांत करून, आणि क्वेरीत, म्हणजे शोधायच्या आज्ञेत, नुसतं नाव, मग १९९१ पासून फॉक्सप्रोत असलेलं रशमोर, म्हणजे इंडेक्सवरून झटपट शोधायचं तंत्र, चालणार कसं? त्याला क्वेरीत इंडेक्ससारखंच लिहिलेलं लागतं. अख्खं टेबल वायरमधून यायचं. क्वेरीतही अपर(नाव) लिहिलं, फ्रेमवर्कला हातसुद्धा लावला नाही, आणि गिऱ्हाइकाचं खातं लगेच समोर.