युद्धजर्जर रोबो-किट

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेल्या लढाऊ रोबोच्या प्रतिकृतीवर गोळ्यांची भोके, फाटलेले चिलखत, रंगाचे पोपडे, गंज, काजळी आणि चिखल यांचे परिणाम हाताने घडवून ती रणांगणात दीर्घकाळ वापरली गेल्यासारखी दाखवणे, ही प्रतिकृतीकलेची एक शाखा आहे. यातील मोडतोडीच्या कामाला ‘बॅटल डॅमेज’ आणि रंगाने जुनेपणा आणण्याच्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. ही दोन्ही कामे एकाच किटवर होत असली तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. पहिल्यात प्लास्टिक कापले, कोरले आणि वितळवले जाते, म्हणून चूक झाल्यास सहसा मागे फिरता येत नाही. दुसऱ्यात पातळ थर एकावर एक चढत जातात आणि नको असलेला थर बहुधा पुसता येतो.

रोबो-किटांचा प्रसार मुख्यतः ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी ॲनिमेशन मालिकेमुळे झाला. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. पहिल्या प्रसारणात तिला प्रतिसाद बेताचा मिळाला आणि ती ठरल्यापेक्षा आधी, ४३ भागांत संपवावी लागली. जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातील मुख्य रोबो गंडम याचे १/१४४ प्रमाणातील किट ३०० येनला बाजारात आणले, आणि पुढे या किटांना ‘गनप्ला’ हे नाव रूढ झाले. सुरुवातीच्या किटांना गोंद आणि रंग दोन्ही लागत. १९९० च्या ‘हाय ग्रेड’ श्रेणीत भाग वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकमध्ये ओतलेले आणि खटक्याने बसणारे होते. १९९५ मध्ये ‘मास्टर ग्रेड’, १९९८ मध्ये ‘परफेक्ट ग्रेड’ आणि २०१० मध्ये ‘रिअल ग्रेड’ श्रेणी आल्या. वेदरिंगच्या बहुतेक रीती मात्र रोबोंबरोबर जन्मलेल्या नाहीत. रणगाडे आणि विमाने बनवणाऱ्यांकडून त्या आल्या आहेत, आणि एखाद्या रोबोचा पाय पाहताना रणगाड्याचा पट्टा आठवतो तो यामुळेच.

या कामात प्रमाणाचे भान पहिले. कथेतील गंडम सुमारे १८ मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढा आहे. १/१४४ प्रमाणात तो १२.५ सेंटिमीटर, १/१०० मध्ये १८ आणि १/६० मध्ये ३० सेंटिमीटर भरतो. १/१४४ किटवर एक मिलिमीटरचा पोपडा काढला, तर तो खऱ्या यंत्रावर १४ सेंटिमीटरहून मोठा ठरतो. शत्रुपक्षाच्या झाकू या रोबोची मशीनगन १२० मिलिमीटर व्यासाचे गोळे डागते, म्हणून तिच्या गोळ्याचे भोक १/१४४ मध्ये ०.८ मिलिमीटरच्या आसपास आणि १/१०० मध्ये १.२ मिलिमीटर असायला हवे. नवशिक्याने तापलेल्या खिळ्याने पाडलेली तीन मिलिमीटरची भोके डोळ्याला खटकतात ती याच कारणाने: रोबो अचानक गुडघाभर उंचीचा वाटू लागतो.

जोडणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भाग ज्या चौकटीला धरून येतात तिला रनर आणि धरून ठेवणाऱ्या बारीक दांडीला गेट म्हणतात. गेट एकदम भागालगत न कापता आधी थोडे दूर आणि मग लगत, असे दोनदा निपर चालवून कापले, म्हणजे प्लास्टिकवर पांढरा ताण उमटत नाही. युद्धजर्जर करायचे किट आधी कोरडे, म्हणजे न रंगवता, पूर्ण उभे करून त्याची मुद्रा ठरवणे हिताचे असते, कारण जखमा मुद्रेवरून ठरतात. डाव्या हातात ढाल पुढे धरणाऱ्या रोबोच्या ढालीवर आणि उजव्या खांद्यावर मार जास्त बसेल. ढालीमागे झाकलेल्या छातीवर तेवढीच भोके दिसली, तर गोळे आले कुठून हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच.

मोडतोडीतील सर्वांत अवघड गोष्ट जाडीची आहे. किटच्या चिलखताचा पत्रा एक ते दीड मिलिमीटर जाड असतो, म्हणजे १/१४४ मध्ये साधारण १४ ते २२ सेंटिमीटर. त्यात सरळ भोक पाडले तर कडा भिंतीसारखी जाड दिसते. त्यामुळे जिथे चिलखत फाटायचे आहे तिथे भाग मागच्या बाजूने पात्याने किंवा छोट्या ड्रिलच्या घासणीने कागदाइतका पातळ होईपर्यंत खरवडतात आणि मगच पुढून भोक पाडून कडा सुईने आत-बाहेर वाकवतात. धातू फाटतो तेव्हा त्याच्या कडा टोकदार आणि अनियमित होतात, तर प्लास्टिक वितळते तेव्हा मेणासारखे गोल होते. सोल्डरिंग गनने केलेली जखम बहुतेकदा खोटी वाटण्याचे कारण हेच आहे. तीच गोलाई ऊर्जा-तलवारीच्या वाराला मात्र शोभते, कारण कथेत ते शस्त्र धातू वितळवतच कापते. किटचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, तापल्यावर निघणारा धूर अपायकारक असतो, म्हणून हे काम खिडकी उघडून आणि पंखा बाहेर हवा फेकेल असा ठेवूनच करावे.

चिलखत फाटले की आतली पोकळी उघडी पडते. मास्टर ग्रेडमध्ये सहसा आत सांगाडा तयार मिळतो. हाय ग्रेडमध्ये तो बहुधा नसतो आणि तिथे कारागिराची कल्पकता लागते. जुन्या चार्जरच्या वायरीतले तांब्याचे केस, गिटारची तुटलेली तार, रनरचेच तुकडे आणि सोल्डरची तार यांतून नळ्या आणि जोडण्या रचल्या जातात. पहिल्या मालिकेच्या अखेरच्या लढाईत गंडमचे डोके आणि डावा हात गेलेला असतो आणि तो तशाच अवस्थेत वर शस्त्र रोखतो; हे दृश्य पुन्हा पुन्हा घडवले जाते, आणि त्यात मानेच्या खाचेत काय भरले आहे यावरून कारागिराचा हात ओळखता येतो.

रंगकामाचा क्रम चवीचा नाही, रसायनाचा आहे. तळाला लॅकर, त्यावर ॲक्रिलिक आणि सर्वांत वर एनॅमल किंवा तैलरंग ठेवले, तर वरचा थर एनॅमल थिनरने पुसताना खालचा विरघळत नाही. तळरंगावर चकचकीत टॉपकोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, देतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर काळपट वॉश, म्हणजे थिनरने खूप पातळ केलेला रंग, केशाकर्षणाने खाचांतून धावतो आणि बाहेर सांडलेला सहज टिपता येतो. मॅट पृष्ठभागावर तोच वॉश डाग पाडतो. थिनर मात्र जपून वापरावा लागतो. ताणाखाली असलेल्या सांध्यात, विशेषतः एबीएस प्लास्टिकमध्ये, तो मुरला तर भाग तडकतो. रात्री वॉश लावून उभा ठेवलेला रोबो सकाळी घोट्यातून मोडून आडवा पडलेला आढळणे, हा या छंदातील नेहमीचा आघात आहे. सांधे सुटे करून वॉश देणे आणि थिनर पूर्ण उडाल्यावरच जोडणे, हा त्यावरचा साधा इलाज होय.

पोपडे दाखवण्यासाठी स्पंजचा फाडलेला तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून, कडांवर हलकेच टेकवतात. दुसरी रीत हेअरस्प्रेची आहे: धातूच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक, आणि मग पाण्याने भिजवून ब्रशने घासले की वरचा रंग खऱ्यासारखा सुटतो. रीत कोणतीही असो, पोपडे कुठे पडावेत हे पुस्तकापेक्षा रस्त्यावर चांगले कळते, आणि त्या बाबतीत ठाणे आणि नवी मुंबईत राहणारा माणूस भाग्यवान म्हटला पाहिजे. उरण फाट्यावर न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर थांबलेले असतात. त्यांचे कोपरे आणि खालची कड ठोकरा खाऊन उघडी पडलेली दिसते, पण भिंतीचा मधला भाग जवळजवळ शाबूत असतो. दाराच्या बिजागरीखालून गंजाचा ओघळ निघतो, उगमाशी दाट आणि अरुंद, खाली येता येता फिका. शिळफाट्याच्या वाहतुकीतला डंपर याहून शिकवणारा आहे: हौद्याचा तळ दगडांच्या घासण्याने आरशासारखा लख्ख, कोपऱ्यांत तपकिरी गंज, आणि वरच्या कडेला लोडरच्या बकेटचे लांब ओरखडे. हेच रोबोवर उतरवायचे झाल्यास तळव्यांच्या कडा, बोटांचे सांधे आणि ढालीचे टोक लख्ख किंवा पोपडलेले दाखवावे, आणि पाठ बरीचशी तशीच ठेवावी. ओघळांसाठी तैलरंगाचा बारीक ठिपका ठेवून थिनरने ओलावलेल्या चपट्या ब्रशने तो सरळ खाली ओढतात. रोबो ज्या मुद्रेत कायम उभा राहणार आहे त्या मुद्रेतली खालची दिशा इथे धरायची नसते. यंत्र विसावलेले असताना पाऊस ज्या दिशेने वाहील ती धरायची असते.

धूळ आणि चिखल यांसाठी परदेशी पिगमेंटच्या, म्हणजे रंगाच्या बारीक भुकटीच्या, महागड्या बाटल्या मिळतात. गंजाच्या छटेपुरते तरी त्यांचे काम पूजेच्या सामानाच्या दुकानातला गेरू करतो, कारण गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. तुळशी वृंदावनाला लावतात तो गेरू वस्त्रगाळ करून घेतला की पुरे. रांगोळी मात्र चालत नाही: तिचे कण या प्रमाणात खडीएवढे दिसतात. पायांवरचा चिखल ठरवताना ठिकाण ठरवावे. पारसिकच्या डोंगराकडची माती तांबूस, तर ठाणे खाडीतला तिवरांखालचा गाळ काळपट करडा, आणि सुकला की राखेच्या रंगाचा होऊन भेगाळतो. दोन्ही एकाच पायावर लावायचे असतील तर कोणता आधी लागला हे दिसायला हवे. दिवाळीत सोसायटीच्या आवारात किल्ला केलेल्या कोणालाही हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण ओली माती सुकताना कुठे तडकते हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असते. पिगमेंट शेवटच्या मॅट टॉपकोटनंतर लावणे चांगले, नाहीतर फवाऱ्याने त्याची भुकटी मरते.

हवामान हा इथला खास अडसर आहे. स्प्रेतील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचून टॉपकोट दुधाळ पांढरा पडतो. जून ते सप्टेंबरमध्ये खाडीकाठच्या या शहरांत हवा कायम ओलसर असते, त्यामुळे त्या काळात जोडणी, घासकाम आणि मोडतोड उरकून फवारणी ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दुपारींसाठी राखणे शहाणपणाचे ठरते. पांढरा पडलेला थर कोरड्या दिवशी पातळ चकचकीत फवाऱ्याने अनेकदा निवळतो. वन बीएचकेच्या गॅलरीत फवारणी करताना खोक्यात पंखा बसवून केलेली कामचलाऊ पेटी, सक्रिय कोळशाचा मास्क आणि शेजारच्या दोरीवर कपडे नाहीत याची खात्री, या तिन्ही गोष्टी लागतात.

या प्रकारातील सर्वांत सामान्य दोष अतिरेक हा आहे, आणि तो कौशल्य वाढत असतानाच होतो, कारण नवी रीत हाती आली की ती सगळीकडे वापरावीशी वाटते. नारिंगी गंजाचे उदाहरण घ्यावे. कथेनुसार गंडमचे चिलखत टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आहे, त्यामुळे त्यावर गंज चढणारच नाही. झाकूचे पोलादाचे आहे, तिथे तो खपतो. अवकाशात लढलेल्या रोबोवर चिखल नसतो, आणि तिथे काजळी वरच्या दिशेने चढत नाही. अशा रोबोसाठी जळके डाग, लहान आघातांच्या खुणा आणि उडालेला रंग एवढेच साहित्य उरते, म्हणून तो जमिनीवरच्या रोबोपेक्षा अवघड मानावा लागतो.

तयार प्रतिकृती फडक्याने पुसता येत नाही, कारण धुळीबरोबर पिगमेंटही निघते. ती काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतात आणि कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणाऱ्या रबरी फुंकणीने झटकतात. शेजारी इमारतीचे बांधकाम सुरू असेल, तर कपाटाच्या दाराच्या फटीला फोमची पट्टी चिकटवावी लागते. सिमेंटची धूळ बसली की रोबोच्या खांद्यांवर असा एकसारखा करडा थर येतो, जो कोणत्याही ओघळाशी जुळत नाही.