डिमेन्शिया संशोधनातील डेटा-व्यवस्थापन आणि संख्याशास्त्रीय साहाय्य

डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंश) अभ्यासात माहिती नोंदवणे, पडताळणे, सुरक्षित ठेवणे आणि तिचे विश्लेषण करणे. एकाच माणसाकडे वर्षानुवर्षे जायचे आणि माहिती देणाऱ्याचीच स्मृती ओसरत जाणार, ही या कामातली खरी अडचण.

साठीनंतर दर पाच-सहा वर्षांनी डिमेन्शियाचे प्रमाण साधारण दुप्पट होते, म्हणून वय चुकले की पुढचे सगळेच चुकते. नाशिक जिल्ह्यात अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून अशी ठोकळ जन्मतारीख असते. अशा वेळी कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ यांवरून वय काढतात. ‘थोरला सिंहस्थात झाला’ असे उत्तर आले, तर सिंहस्थ कोणता ते विचारायलाच हवे. चूक झाली तर ती थेट १२ वर्षांची असते. वय कशावरून काढले, यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

स्मृती, लक्ष, भाषा अशा क्षमता तपासणाऱ्या ३० गुणांच्या एमएमएसई चाचणीचा (१९७५) नुसता मराठी अनुवाद पुरत नाही. न शिकलेल्यांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगण्याऐवजी वार उलटे म्हणायला सांगता येतात. तारीख विचारली की आजी ‘आषाढ वद्य पंचमी’ सांगतात. बरोबर असेल तर गुण द्यायचा की नाही, हे काम सुरू होण्याआधी नियमपुस्तिकेत लिहिलेले असावे. बागलाणात अहिराणी, सुरगाण्यात कोकणा बोलतात. चाचणी कोणत्या बोलीत घेतली तेही नोंदवावे.

कागदी फॉर्मवरची नेहमीची चूक अगदी साधी असते: मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. एक गुण मिळालेल्या रुग्णाला नऊ गुण पडतात आणि नऊ ही शक्य संख्या असल्याने संगणकही अडवत नाही. उपाय एकच, दोघांनी स्वतंत्रपणे भरून जुळवणे. रेडकॅपसारख्या संगणकीय माहिती-नोंदणी प्रणालीत बाकीचे नियम आधीच घालता येतात. उदाहरणार्थ, डिमेन्शियाची तीव्रता ठरवणाऱ्या सीडीआर मापनात ०, ०.५, १, २, ३ हेच गुण चालतात, त्यातही ‘स्वतःची निगा’ या भागाला ०.५ नसतो.

रकाना नुसता कोरा सोडू नये. ‘डोळ्यांना दिसत नाही’, ‘नकार दिला’, ‘विचारायचे राहिले’ यांना वेगळे संकेत द्यावेत. त्यासाठी ९९ वापरला आणि विश्लेषणाआधी तो वगळायला विसरले, तर सर्वांत मोठा गुण ३० च्याही वर गेलेला दिसतो. निदान ती चूक लपत तरी नाही.

गळती, म्हणजे माणसे अभ्यासातून मध्येच सुटणे, मात्र लपते. द्राक्षकाढणीत पेठ-सुरगाण्याची कुटुंबे निफाड-दिंडोरीकडे कामाला जातात. त्या महिन्यांत फेरी ठेवली तर घरे बंद मिळतात. शिवाय ज्यांची प्रकृती जास्त खालावते तेच अधिक गळतात. शेवटचा गुण पुढे ओढून रकाने भरले की आजार आहे त्याहून संथ वाटतो. मिश्र-परिणाम प्रतिमानात, म्हणजे प्रत्येक माणसाची वेगळी वाटचाल धरणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत, मिळालेल्या सगळ्या भेटी वापरता येतात. मृत्यूचा हिशेब वेगळा करावा लागतो. माहिती देणारा बदलला, पहिल्या वर्षी सून आणि दुसऱ्या वर्षी पुण्याहून आलेला मुलगा, तर गुणांतला फरक रुग्णातला असेलच असे नाही.

नमुन्याचा आकारही आधीच ठरवावा लागतो. प्रत्येक गावातून २० जण घेतले आणि गावांतर्गत सहसंबंध (एकाच गावातली माणसे एकमेकांसारखी असण्याचे माप) ०.०५ असला, तर सुटी माणसे निवडण्याच्या तुलनेत १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ पट माणसे लागतात. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा झाल्यावर बोलावले, तर तो हे फार तर सांगू शकतो; भरून काढू शकत नाही.

संमती दर भेटीला नव्याने पाहतात, कारण रुग्णाची समजून घेण्याची क्षमता घटत जाते. नंतर कायदेशीर प्रतिनिधीची सही लागते. नाव-पत्त्यांची यादी आणि गुणांची फाइल वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, दोन्हींना जोडणारा असतो तो फक्त क्रमांक.