टाचणीभोवती फिरणारा समांतरभुज चौकोन

समांतरभुज चौकोनाची व्याख्या जेमतेम एका ओळीची: संमुख भुजांच्या दोन्ही जोड्या समांतर. त्यात लांबी, कोन, कर्ण यांचा उल्लेखही नाही. तरी तेवढ्यावरून संमुख भुजा समान, संमुख कोन समान आणि कर्ण एकमेकांना दुभागतात, हे सगळं निघतं. मुलं हे गुणधर्म सुटे सुटे पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं. त्यांचं मूळ एकच आहे आणि ते हातात धरून पाहता येतं.

जाड कागदाचा समांतरभुज चौकोन कापा, वहीवर ठेवा आणि कडेकडेने पेन्सिल फिरवा. आता कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी टोचून कागद अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवा. तो आखलेल्या रेषेत पुन्हा तंतोतंत बसतो. प्रत्येक शिरोबिंदू समोरच्याच्या जागी जातो, म्हणून संमुख भुजा आणि कोन समान. कर्णाचा एक भाग दुसऱ्यावर पडतो, म्हणून छेदनबिंदू हाच मध्यबिंदू. शिवाय टाचणीतून कशीही सरळ रेषा काढा, चौकोनाचे दोन एकरूप तुकडे होतात. हे पुस्तकात क्वचितच ठळकपणे सांगितलेलं असतं!

कागद बसतो, पण तो बसलाच पाहिजे हे सिद्धतेने कळतं. एक कर्ण काढा. समांतर रेषांमुळे व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या समान, कर्ण सामाईक. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप.

तोच कागद कर्णावर दुमडला, तर मात्र कडा सहसा जुळत नाहीत. कर्ण कोन दुभागतात किंवा एकमेकांना लंब असतात, हे समभुज चौकोनाचं वैशिष्ट्य. कर्ण समान असणं आयताचं. उलट दिशेने जाताना, म्हणजे गुणधर्मावरून चौकोन समांतरभुज आहे हे ठरवतानाही जपावं लागतं. संमुख भुजांची एकच जोडी समांतर आणि तीच समान असेल तर काम झालं. पण एक जोडी समांतर आणि दुसरी समान, एवढ्याने भागत नाही. तो समद्विभुज समलंब चौकोनही असू शकतो.

मला सगळ्यात आवडतं ते फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों (१६५४–१७२२) यांचं प्रमेय. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १७३१ मध्ये छापलं गेलं. कितीही वेडावाकडा चौकोन काढा आणि लगतच्या भुजांचे मध्यबिंदू क्रमाने जोडा: आत समांतरभुज चौकोन तयार होतो. बाहेरच्या चौकोनाचा कर्ण काढला की कारण दिसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण आहे, आणि मध्यबिंदूंच्या प्रमेयानुसार आतल्या दोन संमुख भुजा या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या आहेत. म्हणजे एकच जोडी, समांतरही आणि समानही. आतल्या चौकोनाचं क्षेत्रफळ बाहेरच्याच्या बरोबर निम्मं भरतं, आणि परिमिती बाहेरच्या दोन कर्णांच्या बेरजेइतकी. आतला चौकोन समभुज हवा असेल तर बाहेरचे कर्ण समान घ्यावेत. आयत हवा असेल तर लंब.