तळपायाची आग आणि ताटातला भात

कोकणातल्या जुन्या घरांत काशाची वाटी जेवणापेक्षा तळपायांसाठीच अधिक निघते. रात्री निजण्यापूर्वी तळव्यांना खोबरेल किंवा तूप लावायचे, वाटीची पालथी बाजू गोल गोल फिरवायची आणि तेल काळपट झाले की ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणायचे, हा क्रम अनेक ठिकाणी अजून चालू आहे. तो काळपटपणा वस्तुतः काशातल्या धातूचा अंश तेलात उतरल्याने येतो आणि शरीरातल्या उष्णतेशी त्याचा काही संबंध नसतो. चोळल्याने वाटणारा आराम मात्र खोटा नव्हे. ज्या जळजळीसाठी, मुंग्यांसाठी आणि बधिरपणासाठी ही वाटी हाती घेतली जाते, तिची दोन अगदी निराळी कारणे असू शकतात. मज्जातंतूंना लागणारे एखादे जीवनसत्त्व आहारातून किंवा रक्तातून कमी झालेले असते, नाहीतर रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढलेली असते. या दोन कारणांचा शोध दोन निरनिराळ्या वाटांनी लागला. औषधाच्या दुकानात ‘नसांची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या पट्टीवर आज त्या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत, आणि लोकांचा गोंधळ उडतो तो तिथेच.

साखर आणि तळपाय यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकाराच्या, पूर्वरूपांत हातापायांच्या दाहाचा उल्लेख येतो, आणि चरकसंहितेत त्याच्या जोडीला सुप्तता, म्हणजे बधिरपणाही सांगितला आहे. लघवीला मुंग्या लागतात ही नोंदही त्याच परंपरेतली. युरोपात हे नाते बराच काळ उलट बाजूने लावले गेले. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी विशिष्ट जागी सुई टोचली असता लघवीत साखर उतरते असे दाखवले होते, त्यामुळे मज्जासंस्थेच्या बिघाडातून मधुमेह होतो या समजाला बळ मिळाले. १८६४ मध्ये मार्शाल द काल्वी या फ्रेंच डॉक्टराने कार्यकारण फिरवून मांडले की आधी मधुमेह होतो आणि त्यातून मज्जातंतू बिघडतात.

दुसरी वाट थेट भाताच्या हंड्यातून जाते, आणि कोकणी वाचकाला ती अधिक जवळची वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच सैनिकांत आणि कैद्यांत बेरीबेरीचा रोग मोठ्या प्रमाणावर होता. पाय बधिर होत, चालता येईनासे होई आणि पुढे हृदयही निकामी होई. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) जंतूंच्या शोधात असलेल्या क्रिस्टियान आइकमन यांच्या लक्षात आले की रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा सडीक भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या सुधारतात. त्याच सुमारास मलायात आणखी नेमके निरीक्षण झाले. तिथल्या चिनी खाणमजुरांना बेरीबेरी होई, पण उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर बहुतेक सुटत. १९०५ च्या सुमारास विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात निम्म्या रुग्णांना साधा आणि निम्म्यांना उकडा तांदूळ देऊन हा फरक पडताळला, आणि १९०७ मध्ये ब्रॅडन या डॉक्टरांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढे १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच कोंड्यातून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. ते थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली उकड्या तांदळाची रीत या संदर्भात पाहण्याजोगी आहे. भात सालासकट पाण्यात भिजते, मोठ्या भांड्यात उकडले जाते, खळ्यात पसरून वाळवले जाते आणि मगच गिरणीत जाते. उकडताना कोंड्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे दाण्याच्या आत झिरपतात, त्यामुळे नंतर कोंडा निघून गेला तरी त्यातला बराच भाग दाण्यात शिल्लक राहतो. सकाळची पेज तर शिजलेल्या पाण्यासकटच प्यायली जाते, म्हणजे तेही पाणी वाया जात नाही. हे सगळे कोणी जीवनसत्त्वाचा विचार करून ठरवले नव्हते. उकडलेला दाणा कांडताना कमी फुटतो आणि पेज पोटाला धरून राहते, एवढेच कारण त्या वेळी पुरेसे होते. मात्र यावरून ‘उकडा भात म्हणजे साखरवाल्यांचा भात’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो घाईचा आहे. उकड्यामुळे साखर साध्या भातापेक्षा थोडी सावकाश चढू शकते, परंतु पिष्ट दोन्हींत जवळपास सारखेच असते, आणि दोन मुदी वाढून घेतल्या तर तांदळाची जात विचारण्यात अर्थ राहत नाही.

मज्जातंतूंना लागणाऱ्या दुसऱ्या जीवनसत्त्वाची, बी-१२ ची, हकिगत याहून अलीकडची आहे. १९४८ मध्ये ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी वेगळे केले गेले, आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने त्याची रचना १९५० च्या दशकात उलगडली. ते वनस्पतींत नसते. मासे, अंडी, मांस आणि दूध यांतूनच मिळते. प्रौढाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि शंभर ग्रॅम बांगड्यातून ती सहज भागते. आगोटीला भरून ठेवलेले सुकट आणि सुके बांगडे पावसाळ्यातही ती गरज काही अंशी भागवतात. श्रावण पाळल्याने बी-१२ खालावेल ही भीतीही निराधार आहे, कारण यकृतातला साठा चांगला असेल तर तो काही वर्षे पुरतो.

असे असूनही मासे खाणाऱ्या माणसाचे बी-१२ कमी निघते, आणि त्याचे एक कारण मधुमेहाच्या औषधातच असते. मेटफॉर्मिन १९५७ मध्ये पॅरिसच्या झां स्टर्न यांनी रुग्णांसाठी पुढे आणले. त्याचे मूळ गालेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यात आहे. स्वस्त, खात्रीचे आणि दीर्घकाळ वापरलेले असे हे औषध आहे, पण ते आतड्याच्या शेवटच्या भागातून होणारे बी-१२ चे शोषण कमी करते, हे १९७० च्या दशकापासून नोंदले गेले आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना याची पुन्हा आठवण करून दिली. परिणामी दहा-बारा वर्षे ही गोळी घेणाऱ्या माणसाचे पाय बधिर झाले तर तो बधिरपणा साखरेचा की बी-१२ च्या कमतरतेचा, हे केवळ लक्षणांवरून ओळखता येत नाही. रक्ततपासणी करावी लागते. ‘आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसली कमतरता’ हे उत्तर कोकणात हमखास मिळते, आणि नेमक्या याच ठिकाणी ते फसवे ठरते.

साखरेच्या वाटेवर मोठे वळण इन्सुलिनने आणले. १९२१ मध्ये टोरंटोत ते हाती लागले आणि १९२२ च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला टोचले गेले. मधुमेही जगू लागले, आणि जगल्यामुळेच डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचे उशिरा दिसणारे विकार पुढे आले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीने दाखवले की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवली तर मज्जातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो. प्रौढ वयात होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात हा फायदा इतका ठळक दिसलेला नाही. तिथे वजन, रक्तदाब, चरबी, तंबाखू आणि दारू यांचाही हात असतो.

कोकणात या काळात ताट बदलत गेले. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी नाचणी, वरी आणि हरिक होत असे. भात सखल मळ्यातला आणि मानाचा, तर नाचणीची भाकरी गरिबाची मानली जाई. मुंबईच्या मनीऑर्डरीने आणि रेशनच्या तांदळाने हा मान सर्वांच्या आवाक्यात आणला, शेतावरचे हात कमी झाले, आणि १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून त्याच उतारांवर हापूस आणि काजूची कलमे उभी राहिली. आता नाचणीचे सत्त्व पुन्हा पाकिटातून घरी येते. शंभर ग्रॅम नाचणीत तंतू अकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या तिप्पट-चौपट असतात, पण पिष्टमय पदार्थही पासष्ट ग्रॅमच्या वर असतात. आणि वस्त्रगाळ सत्त्वाची गूळ घातलेली खीर साखर ज्या वेगाने चढवते तो वेग भाकरीचा नसतो. किनाऱ्याच्या प्रश्नाचा आकार २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीने दाखवला: देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, आणि सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

घरगुती उपायांत जांभूळबियांची पूड इन्सुलिनपूर्व काळात युरोपातल्या डॉक्टरांनीही वापरून पाहिली होती. मेथीचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केला, आणि १९९० च्या त्यांच्या एका प्रयोगात साखर उतरली खरी, पण त्यात तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम दिली होती. रात्री भिजवलेल्या चमचाभर दाण्यांकडून तेवढीच अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

राहिली ती ‘नसांच्या गोळी’ची पट्टी. तिच्यावर बहुधा मिथाइलकोबालामिन (बी-१२ चेच एक रूप), अल्फा लिपोइक आम्ल, पायरिडॉक्सिन, फॉलिक आम्ल आणि कधी बेनफोटियामिन असते. यातले बेनफोटियामिन म्हणजे थायमिनचे सहज शोषले जाणारे रूप. ते जपानमध्ये तयार झाले. लिपोइक आम्ल १९५१ मध्ये वेगळे झाले आणि जर्मनीत मधुमेही मज्जाविकारासाठी रुळले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ज्या मात्रेने वेदना कमी झाल्या ती शिरेतून दिलेली ६०० मिलिग्रॅमची होती, तर आपल्याकडच्या अनेक पट्ट्यांत एका गोळीत १०० मिलिग्रॅम असते. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ तर दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास स्वतःच पाय बधिर करते, हे १९८३ मध्येच सिद्ध झाले आहे. त्यामुळे दोन-तीन पूरके एकाच वेळी घेणाऱ्याने प्रत्येकावरचा बी-६ चा आकडा वाचून बेरीज करावी. अशी बरीच पूरके अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार औषध म्हणून नव्हे तर अन्न म्हणून विकली जातात, आणि रोग बरा करण्याचा दावा त्यांच्यावर छापता येत नाही. तो दावा मग तोंडी होतो, गल्ल्यावर किंवा ओटीवर, काशाची वाटी फिरवता फिरवता. आणि ज्या तळव्याला वाटीचा गरम-गार स्पर्शच कळेनासा झाला आहे, तो दुसऱ्या दिवशी अनवाणीच कातळावर पडतो.