पांजरपोळ, कोंडवाडा आणि प्राणी निवारा : कोल्हापूर

शहरातल्या जखमी, आजारी, टाकून दिलेल्या किंवा वाट चुकलेल्या प्राण्यांना आसरा आणि उपचार देणारी व्यवस्था म्हणजे प्राणी निवारा. कोल्हापुरासारख्या शहरात तिची मुळे तीन ठिकाणी सापडतात. व्यापाऱ्यांच्या भूतदयेतून आलेला पांजरपोळ, मोकाट जनावरांसाठीचा कोंडवाडा आणि २००१नंतर कायद्याने घडवलेले निर्बीजीकरण केंद्र. जनावर तिन्हींकडे आत येते. ते बाहेर कसे जाते, यात खरा फरक आहे. पांजरपोळातून ते सहसा जातच नाही. कोंडवाड्यातून मालक दंड भरून नेतो. निर्बीजीकरण केंद्रातले कुत्रे मात्र शस्त्रक्रियेतून बरे झाले की आपल्या गल्लीत परत गेले पाहिजे, असा नियमच आहे. निवाऱ्याची बरीचशी कामे आणि जवळजवळ सगळी भांडणे या फरकातून निघतात.

पांजरपोळ ही कल्पना गुजराती-जैन व्यापाऱ्यांबरोबर महाराष्ट्रात रुजली. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला. पुढे १८३४मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी तिथला पांजरपोळ स्थापला. म्हणजे भटक्या कुत्र्यांचे काय करायचे, हा वाद सोशल मीडियाने आणलेला नाही. कोल्हापुरात ‘पांजरपोळ’ म्हटले की आज पुष्कळांना औद्योगिक वसाहत आठवते, लेथ आणि कास्टिंगचा आवाज आठवतो. नावातले जनावर मागे पडले आहे.

पांजरपोळ आणि गोशाळा यांच्याकडे येते ते प्रामुख्याने भाकड आणि म्हातारे जनावर. राज्यात १९७६च्या कायद्याने गोवंशातील गायीच्या कत्तलीला बंदी होती. २०१५च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. बेंदराला ज्याची शिंगे रंगवली, ज्याला पुरणपोळी भरवली, तो बैल थकल्यावर ठेवायचा कुठे, हा प्रश्न ट्रॅक्टर आल्यापासून अधिकच टोकदार झाला आहे. सांभाळायचा खर्च वैरणीचा. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम चालू असेपर्यंत उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मुबलक मिळते, पण त्यात ऑक्झलेट जास्त असल्याने नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या जनावराला कॅल्शियम कमी पडते. जोडीला कडबा आणि खनिज मिश्रण लागतेच. हंगाम संपला की वैरण विकत घ्यावी लागते. म्हणून वाढदिवसाला किंवा वर्षश्राद्धाला ‘एक दिवसाची वैरण’ देणारे देणगीदार हा गोशाळांचा मोठा आधार असतो.

लग्नकार्यात उरलेला भात-चपात्या टेम्पोत घालून गोशाळेत आणून टाकणे मात्र पुण्याचे काम नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात शिजलेले पिष्टमय अन्न एकदम जास्त गेले, की ते आंबते, आम्लता वाढते आणि जनावर काही तासांत आडवे होते. फेब्रुवारी २०२३मध्ये जिल्ह्यातल्याच एका गोशाळेत शिळे अन्न खाल्ल्यानंतर मोठ्या संख्येने गायी दगावल्या होत्या. प्लॅस्टिकचे तसेच. पिशवीची गाठ मारून कचऱ्यात फेकलेली भाकरी गाय पिशवीसकट गिळते आणि मग कोठीपोट उघडून ती काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

कुत्र्यांचे काम वेगळे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा; त्याखाली २००१मध्ये श्वान जन्मनियंत्रणाचे नियम आले आणि १० मार्च २०२३ला त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे शहरात महापालिकेची. ती मान्यताप्राप्त संस्थेमार्फत हे काम करून घेऊ शकते. कुत्रे पकडायचे, कुठल्या भागातून पकडले ते लिहून ठेवायचे, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि त्याच भागात सोडायचे. पिल्ले आणि अंगावर पाजणारी कुत्री पकडायची नाही. शस्त्रक्रियांचे बिल खरे की खोटे हे पडताळायला काढलेले अवयव फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात ठेवून मोजले जातात. फॉर्मलिनच्या बरण्यांवर चालणारा हिशोब सरकारी कारभारात दुसरा नसावा.

त्याच भागात का सोडायचे, हा प्रश्न प्रत्येक गल्लीत विचारला जातो. कुत्र्यांची हद्द असते. चिकन-मटणाच्या दुकानामागे आणि खाऊगाड्यांच्या कोपऱ्यावर अन्न पडत राहणार, तोवर एक कुत्रे उचलले की शेजारच्या हद्दीतले दुसरे तिथे येते. ते लस न घेतलेले, अनोळखी आणि भांडखोर असण्याचा संभव जास्त. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, विणे वर्षातून साधारण दोनदा. त्यामुळे अधूनमधून काढलेल्या मोहिमेचा उपयोग होत नाही. एका भागातली बहुतेक सगळी कुत्री थोड्या काळात निर्बीज व्हावी लागतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात रविवारी किती हाडे रस्त्यावर येतात, हे लक्षात घेतले, तर कचऱ्याचे नियोजन हाही निवाऱ्याच्या कामाचाच भाग ठरतो. तो कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात ‘त्याच भागात सोडा’ हेच सूत्र मान्य केले आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री त्यातून वगळली. खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायलाही सांगितले. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके आणि क्रीडासंकुले यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, तिथेच परत सोडू नयेत, असा आदेश दिला. ‘उपचार करा आणि सोडा’ या हिशोबाने बांधलेल्या पिंजऱ्यांकडून त्यामुळे पुन्हा पांजरपोळाचे, म्हणजे जन्मभर सांभाळण्याचे काम अपेक्षिले जाऊ लागले.

निवाऱ्याच्या भिंतीबाहेरचे काम प्राणीमित्र करतात. रात्री स्कूटरच्या पायाशी भाताचा डबा ठेवून ठरलेल्या पाच-सहा ठिकाणी थांबणारी बाई कुठल्या कुत्रीच्या कानाला खाच आहे, कोण लंगडते आणि काल कोण नवीन आले, हे कुठल्याही नोंदवहीपेक्षा नेमके सांगू शकते. महापालिकेची गाडी कुत्र्यांना आवाजावरून कळते आणि क्षणात गल्ली रिकामी होते. तेव्हा हाक मारून बिस्किटावर कुत्रे जवळ आणणारी तीच असते. शेजारी तिला ‘घरी न्या एवढी हौस असेल तर’ असे सुनावतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य असते, कारण दाराशी अन्न टाकले की कुत्री दाराशीच बसतात. जागा आणि वेळ ठरवणे हाच त्यावरचा तोडगा, आणि २०२३च्या नियमांत तो आहे. बाकीची मदत लहान-लहान असते. कुणी औषधे स्वस्तात देतो, कुणी रेडियमचे पट्टे शिवतो, कुणी टेम्पो देतो. अळ्या पडलेली जखम, लूत, गॅस्ट्रो आणि अपघात ही रोजची प्रकरणे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीने आणि दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेली पाळीव कुत्री शोधणे हे हंगामी.

कुत्रे चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा. जखमेवर तिखट किंवा चुना भरण्याची पद्धत अजून आहे. ती चुकीची आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

पंचगंगेचा पूर हा कोल्हापूरचा खास अध्याय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसे सोनतळीकडे निघतात, ती जनावरे पुढे घालूनच. गोठ्यात म्हैस बांधलेली असताना बोटीत बसायला लोक तयार होत नाहीत, हे बचाव पथकांना अनुभवाने कळले. तालीम मंडळांची पोरे अशा वेळी वैरणीच्या गाड्या पाठवतात. कुत्र्यामांजरांसाठी पूरनिवाऱ्यात जागा क्वचितच असते. निदान दावे सोडा, साखळी काढा, एवढे सांगत कार्यकर्ते फिरतात.

घुबड, साप, घोरपड यांना अशा निवाऱ्यात ठेवता येत नाही. ते काम वनविभागाचे, मदत क्रमांक १९२६. गुराढोरांसाठी फिरता पशुवैद्यकीय दवाखाना १९६२वर मिळतो.

दत्तक देण्याचा विभाग सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत अवघड. पिल्लू न्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘नर आहे न्हवं?’ पोत्यात घालून पंचगंगेच्या काठी किंवा बाजारात सोडलेल्या पिल्लांत माद्याच जास्त निघतात, त्या याच प्रश्नामुळे. म्हणून जाणती मंडळी मादी पिल्लू देताना निर्बीजीकरणाची तारीख आधी ठरवतात, ती कॅलेंडरवर लिहून देतात आणि सहा महिन्यांनी स्वतःच फोन करतात.